कॅमेऱ्याखाली अंधार

रविवार, ५ जानेवारी

काल पुन्हा ठेवला. हरिपाठाहून परत येतोय तर गेटसमोर, तिवाट्याच्या बरोबर मध्ये, पत्रावळीच्या तुकड्यावर दहीभात, त्यावर कुंकू, कापलेलं लिंबू, बाजरीची चतकोर भाकर आणि कडेला मीठ-मोहरी. उतारा. दिवाळीपासून क्वचितच एखादा शनिवार चुकला असेल.

आमचं घर तिवाट्यावर आहे. एक रस्ता तळवड्याच्या आयटी पार्ककडे जातो, एक देहूकडे आणि तिसरा आमच्या जुन्या गावठाणात. बापाने घर बांधलं तेव्हा तिन्ही बैलगाडीच्या वाटा होत्या. आता उताऱ्यावरून कंपनीच्या बस जातात. आतली पोरं कानात बोंडुकं घालून बसलेली, त्यांना काय पडलंय? पडलंय ते मला, कारण गेट माझं आहे.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सारा जन्म प्रेसशॉपमध्ये गेला. लिंबू-मिरची बांधून पॉवर प्रेस चालल्याचं मी पाहिलं नाही, तेलपाणी केलं की चालायची. शिक्षण सातवीपर्यंत, पण ड्रॉइंग वाचायला माझा मी शिकलो. तरी आज सकाळी दुधाला जाताना उताऱ्याला लांबून वळसा घातला. तो पायाला भात लागू नये म्हणून.

आणि टोपी. दोरीवर वाळत घातलेली माझी पांढरी टोपी काल दुपारी गायब. आज सकाळी बघतो तर दोरीवर परत. धुतलेली, नीळ दिलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटा लावलेली. चोर टोपी नेतो हे समजू शकतो. धुऊन आणून देतो म्हणजे काय? करणी करणाऱ्याला माणसाच्या अंगावरचं कापड लागतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी मानत नाही, पण जे करतात ते तर मानतात ना.

काम कुणाचं, मला ठाऊक आहे. भिंतीपलीकडे राहतं ते. खोकला उसळलाय, आता पुरे.

मंगळवार, ७ जानेवारी

राग कागदावर उतरला की हलकं वाटतं, असं चिमा म्हणायची. ती गेल्यापासून ही वही धरली. तिला जे सांगायचो ते हिला सांगतो. वही मध्येच "बरं, जेवून घ्या आता" म्हणत नाही, एवढाच फरक.

भिंतीपलीकडे माझा धाकटा भाऊ. नाव दादासाहेब, त्यामुळे लहान असून सगळ्यांचा दादा, माझाही. आमच्या बापाने स्वतः पहार धरून खणलेली विहीर होती, दोघांच्या सामाईक जागेत. मी कामावर असताना दादाने ती बुजवली. वर भाड्याच्या खोल्या काढल्या, चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांसाठी. मला एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी परत आलो तर विहिरीच्या जागी मुरमाचा ढीग. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. चिमाला खांदा द्यायला आला होता, पुढच्या बाजूला. तेव्हाही बोललो नाही, तोही बोलला नाही.

आता पाण्यावरून झालं, जागेवरून झालं. जिवावर उठायचं तेवढं राहिलं होतं.

कट्ट्यावर भैरूला सांगितलं. भैरू माझा शाळासोबती, त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून सगळा गाव त्याला ओळखतो. पण आज लिंबाचं नाव काढल्यावर तो तंबाखू मळत बसला.

"ठिवू दे की रंगा. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? माझ्या दारात करणी करतायत."

"करणी हाय कशावरनं?"

"मग काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे?"

तर म्हणतो कसा, "खोकल्याचं औषध घेतोस का न्हाई?" विचारलं काय, उत्तर काय. मी ठरवलं आहे. कॅमेरा बसवणार.

गुरुवार, ९ जानेवारी

चिखलीच्या दुकानातून कॅमेरा, रेकॉर्डिंगचा डबा आणि वायरचं भेंडोळं आणलं. दुकानदार पोरगेलासा, म्हणाला, "आजोबा, मोबाईलमध्ये ॲप टाकून देतो, जगात कुठूनही घर बघा." मी म्हटलं, मला जगातून नाही, घरातूनच घर बघायचंय, आणि मोबाईलवर माणूस मुंगीएवढा दिसतो. घरी कॉम्प्युटर आहे, त्यावर दिसलं पाहिजे.

कॉम्प्युटरचं वय ऐकून तो हसला. "भंगारात द्या तो."

मला आला राग. अपेक्षा, माझी लेक, इंजिनिअरिंगला होती तेव्हा ओव्हरटाइम करून घेतलेला तो कॉम्प्युटर. ती लग्न होऊन रावेतला गेली, मग मीच त्यावर बसून मराठी टायपिंग शिकलो, पत्ते खेळायला शिकलो. चिमाने जुन्या इरकलीतून त्याला अभ्रा शिवला होता, तो अजून आहे. म्हातारं झालं की भंगारात? मग मलाही टाका तराजूत.

शुक्रवार, १० जानेवारी

कॅमेरा गेटजवळच्या विजेच्या खांबावर उंच लावला, तोंड तिवाट्याकडे. शिडीवर चढलो ते अपेक्षाला सांगणार नाही.

मग डबा आणि कॉम्प्युटर एका वायरने जोडले. दोघं शेजारी बसून एकमेकांना ओळख देईनात. मोबाईलवर एका मुलाचा व्हिडिओ बघितला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येकाला घरनंबरासारखा आकडा असतो. पहिले तीन आकडे दोघांचे सारखे हवेत आणि शेवटचा वेगळा. म्हणजे भावकी एक, आडनाव एक, नाव तेवढं निराळं. मी घाईत दोघांना एकच आकडा देऊन बसलो होतो. एकाच आकड्यावर दोघांनी हक्क सांगितला की दोघंही मुकी होतात. शेवटचा आकडा बदलला आणि लगेच बोलायला लागले. यंत्रं असून कळतं त्यांना.

दुसरी गंमत. डब्याचं पान नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, असं दुकानदारच फोनवर म्हणाला. त्याला जुनं, निळ्या अक्षराचं ब्राउझर लागतं. ते आता कुणाकडे नाही. माझ्याकडे आहे. भंगार म्हणे.

पडद्यावर माझा तिवाटा दिसला. एक कुत्रं, नवनाथची टपरी, कांद्याची पिशवी घेऊन जाणारी बाई. तासभर बघत बसलो. टीव्हीपेक्षा बरं आहे, जाहिराती नाहीत.

शनिवार, ११ जानेवारी

हरिपाठाला नेहमीसारखा गेलो. नाही गेलो असतो तर संशय आला असता. परत येताच चहा न घेता कॉम्प्युटर लावला.

बाई आहे. डोक्यावरून पदर, वर शाल. कॅमेऱ्याच्या खालून निघाली, सरळ तिवाट्यावर गेली, वाकली, ठेवलं आणि पुढच्या गल्लीने चालती झाली. जाताना पाठ, ठेवताना पाठ, निघतानाही पाठ. चेहरा दिसायचा कसा? उतारा ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, आलेल्या वाटेने परत जायचं नसतं, कुणाशी बोलायचं नसतं. हे मला माहीत होतं आणि कॅमेरा मी घराला पाठ करून लावला. चोराने पाठच दाखवायची असा नियम आणि मी पाठीमागे पहारेकरी उभा केलेला.

अजून एक. हरिपाठाला जाताना गेटची कडी लावायला मी विसरतो, हे मला माहीत आहे, चिमा रोज बोलायची. आज परत आलो तर कडी लावलेली. म्हणजे माणूस गेटला हात लावून गेला. आत आला होता की काय? कॅमेऱ्यात काही नाही. बरोबर आहे, दिव्याखाली अंधार तसा कॅमेऱ्याखाली. गेटची जागा त्याला दिसतच नाही.

टोपी आजही दुपारपासून दोरीवर नाही.

सोमवार, १३ जानेवारी

आज माझं थोडं चुकलं. लिहून टाकतो.

समोर नवनाथ राहतो, परभणीकडचा. दिवसा कंपनीत, संध्याकाळी टपरीवर. त्याची बायको करिष्मा पाण्याला आमच्या नळावर येते. मला वाटलं, पदराची ढब तिच्यासारखी आहे. विचारलं सरळ, "करिष्मा, शनिवारी तिवाट्यावर काय ठेवतेस?"

तिने हंडा खाली ठेवला. "मी? नाना, तुमच्या नळाचं पाणी पिऊन तुमचंच वाईट चिंतू व्हय?"

"मग कोण ठेवतं? तुझ्या दारातून सगळं दिसतं."

"दिसतं की." एवढं बोलून थांबली. मग हंडा उचलता उचलता म्हणाली, "आमच्याकडं असलं बोलून दाखवत न्हाईत. बोललं की फळत न्हाई."

फळत नाही म्हणे. म्हणजे फळावं अशी इच्छा आहे. सगळी गल्ली फितूर झाली आहे. पण तिला मी असं विचारायला नको होतं. संध्याकाळी तिच्याकडे दोन पेरू दिले. तिने घेतले, हसली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. स्वरूपा आली तिळगूळ घेऊन. दादाची मुलगी, बँकेत असते. पोरीशी माझं वाकडं नाही. चिमाच्या मांडीवर वाढलेली. लहानपणी भिंत नव्हती तेव्हा दोन्ही घरांत जेवायची आणि दोन्हीकडे उपाशी आहे म्हणून सांगायची.

"मोठे बाबा, खोकला किती वाढलाय. एक्स-रे काढलात का?"

"तुझ्या बापाला सांग काळजी करू नको, एवढ्यात जात नाही मी."

तोंड एवढंसं झालं पोरीचं. मग तिची नजर कॉम्प्युटरवर गेली. "हे काय लावलंय?"

"पहारा."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि "कॅमेरा फक्त रस्त्यावरच आहे ना?" असं विचारून गेली. खाई त्याला खवखवे. तिळगूळ चिमाच्या फोटोपुढे ठेवला. वड्या चिमाच्या हातच्यासारख्याच झाल्यात, वेलदोडा जास्त. तिनेच शिकवल्या होत्या दादाच्या बायकोला.

शनिवार, १८ जानेवारी

पुन्हा तेच. टोपी दुपारी गेली. तिन्हीसांजेला बाई आली, पाठमोरी. शाल आज डोक्यावरून पार पुढे ओढलेली. म्हणजे बातमी पोचली.

कडी लावलेली.

भाकर बाजरीची असते हे मी आधी लिहिलंय. आज नीट बघितली, लांबून. काठ जाड, मध्ये पापुद्रा सुटलेला, तीळ लावलेले. अशी भाकर या गल्लीत आता कोण थापतं? सगळ्यांच्या घरी मशिनच्या चपात्या. अशी भाकर आमच्या घरात व्हायची. चांगलं अन्न असं मातीत घालतात, याचाही मला राग येतो. कुत्री खातात ते वेगळं.

बुधवार, २२ जानेवारी

भैरू निरोप घेऊन आला. स्वरूपाचं जमलं. मुलगा चाकणला गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीत आहे, माणसं मंचरकडची. रविवारी, दोन तारखेला सुपारी फोडायची.

"पाहुणे म्हनले, मुलीचे चुलते बसल्याबगर आमी सुपारीला हात लावनार न्हाई. थोरलं मानूस पायजेच."

"मग दादाने यावं बोलवायला. तू कशाला?"

"तो येतोय की सारखा तुझ्या दारापातुर," भैरू म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"कधी येतो?"

"आसंच म्हनलो. शेजार हाय म्हून."

बघा. दारापर्यंत येतो. कशाला येतो ते आता कळलं. बायको उतारा ठेवते आणि हा राखण करतो. सख्खा भाऊ. लहानपणी याला विहिरीत पोहायला मी शिकवलं, कमरेला वाळका भोपळा बांधून. त्या विहिरीत मुरूम टाकला आणि आता माझ्या वाटेत लिंबू.

मी भैरूला सांगितलं, सुपारीला येणार नाही. आणि त्याआधी चौकीत जाणार. असल्या प्रकाराला कायदा आहे.

भैरूने तंबाखू थुंकली. "रंगा, पोलीस दारात आले तर पाहुणे उठून जातील. पोरीचं काय चुकलं?"

इथे लिहितो की मलाही तेच वाटलं. पण माझ्या दारात तीन महिने विष कालवलं जातंय त्याचं काय? दरवेळी मोठ्यानेच पोटात घालायचं का?

शुक्रवार, २४ जानेवारी

चौकीत जाऊन आलो. बाई दिसते तेवढं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो, तेही माझं मी शिकलो. हवालदार बाईंनी सगळं बघितलं. माणूस चांगला, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आजोबा, ही पाठ आहे."

"दर शनिवारची आहे."

"दर शनिवारची पाठच आहे. रस्त्यावर भात ठेवला म्हणून मी कुणाला उचलू? चेहरा आणा, मग बोलावून विचारते." मग खोकला ऐकून म्हणाल्या, "घरी कोण असतं तुमच्या?"

"कॅमेरा," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.

रविवार, २६ जानेवारी

काल हरिपाठाला गेलो नाही. दिवा न लावता दारामागे स्टूल टाकून बसलो. चेहरा डोळ्यांनीच बघायचा ठरवलं होतं. नेमका खोकला आला, टॉवेल तोंडात कोंबला तरी थांबेना. भिंतीपलीकडे कुणीतरी कुजबुजलं. मग काही नाही. काल उतारा आलाच नाही.

खरं तर समाधान व्हायला हवं. पण रिकामा तिवाटा बघून जेवण गेलं नाही. आपल्यासाठी येणारं पत्र एखाद्या दिवशी आलं नाही तर वाटतं तसं. हे काय लिहितोय मी. झोपावं.

सोमवार, २७ जानेवारी

दुसरा कॅमेरा आणला. हा नवनाथच्या भिंतीवर लावायचा, तोंड माझ्या गेटकडे. म्हणजे बाई गेटपासून निघेल ती समोरूनच दिसेल, आणि कॅमेऱ्याखालचा अंधारही राहणार नाही.

नवनाथ टपरीवर होता. भिंत देतोस का म्हटल्यावर डोकं खाजवायला लागला. "नाना, बघून काय करनार?"

"बघीन."

"न्हाई, कधी कधी न बघितल्यालं बरं आसतं."

"तुझ्या दारात ठेवलं असतं म्हणजे बोलला नसतास असं."

तो बायकोकडे बघायला लागला. करिष्मा आतून म्हणाली, "लावू द्या हो नानांना. बघू द्या एकदाचं." काय उपकार केल्यासारखं. पण खिळे ठोकताना शिडी तिनेच धरली. वायर रस्त्यावरून, विजेच्या खांबाला टांगून घरात आणली. पडद्यावर आता दोन खिडक्या. एकीत तिवाटा, दुसरीत माझंच घर. एवढ्या वर्षांत माझं घर मी समोरून असं कधी बघितलं नव्हतं. रंग उडालाय. व्हरांड्यात एकच खुर्ची.

गुरुवार, ३० जानेवारी

अर्ज लिहून ठेवला. सरळ मुद्द्याचा. रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आत, चौकीत द्यायचा.

अपेक्षाचा फोन आला. भैरूने तिलाही कळवलंय, नारदमुनी. "बाबा, सुपारीच्या दिवशी असं काही केलंत तर स्वरूपाचं लग्न मोडेल. तुम्हाला चालेल?"

"मला काय चालतं ते कुणी विचारतं का? माझ्या दारात..."

"बाबा, काकू रोज मला फोन करून तुमचं विचारतात."

"विचारणारच. लागू पडलं की नाही ते बघायला नको?"

तिने फोन ठेवला. माझ्याच पोरीने. दोन्ही कॅमेरे चालू आहेत, पण माझ्या बाजूने बघणारं कुणी नाही. रात्री अर्ज पुन्हा वाचला. 'सख्खा भाऊ' हे शब्द खोडले, 'शेजारी' लिहिलं. मग तेही खोडलं. तिथे आता शाईचा डाग आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

दुपारी टोपी गेली. मी मुद्दाम चांगली वाळत घातली होती. हरिपाठाला गेलो, एक अभंग डोक्यात शिरला नाही. परत आलो. उतारा होता. कडी लावलेली. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्याचा वेळ घेतो, तेवढ्या वेळात मी तीनदा त्याला शिव्या दिल्या. मग दुसरी खिडकी मोठी केली.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

दिवेलागणीची वेळ. दादाची बायको, इंद्रायणी, ताट घेऊन गेटशी येते. चेहरा स्वच्छ दिसतो. मी पडद्यासमोर टाळी वाजवली, सापडली म्हणून. तिच्या मागे दादा, हातात काठी, कुत्र्यांना हटवायला.

मग ती शालीतून माझी टोपी काढते. दोन्ही हातांनी सरळ करते. आणि गेटच्या खांबावर, माणसाच्या डोक्यावर ठेवावी तशी ठेवते. जणू मीच तिथे उभा आहे. खांबाची उंचीही तेवढीच आहे, हे मला माहीत नव्हतं. ती ताट टोपीवरून ओवाळते. ओठ हलतात. मग ताट दादाकडे देते, टोपीवरून दोन्ही हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते.

मी तिथेच थांबवलं. मागे नेलं. पुन्हा बघितलं.

वैऱ्यासाठी कुणी कानशिलावर बोटं मोडत नाही. चिमा मोडायची, मी नाइट शिफ्ट करून आलो की, आणि म्हणायची कडाकडा वाजली म्हणजे खूप दृष्ट लागली होती. माणूस समोर येत नसेल तर त्याच्या कापडावरून उतरवतात. हेही मला माहीत होतं. सगळंच मला माहीत होतं.

पुढे इंद्रायणी ताट घेते, तिवाट्यावर ठेवते आणि पुढच्या गल्लीने निघते. मान ताठ, मागे बघत नाही. पद्धतच आहे तशी.

दादा गेटशीच आहे. तो टोपी खांबावरून उतरवतो, काखेत धरतो. गेटची कडी लावतो, हलवून बघतो. मग बायकोच्या मागे निघतो, कोपऱ्यापर्यंत जातो, थांबतो आणि मागे वळून बघतो. माझ्या घराकडे. व्हरांड्यातल्या खुर्चीकडे. बराच वेळ. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, खांदा एका बाजूला उतरलाय. दादा म्हातारा झाला, मला कुणी सांगितलं नाही.

मग मी जुनी रेकॉर्डिंगं काढली, तिवाट्यावरची. तेव्हा मी नुसती बाई बघत होतो. ती गेल्यावर पुढे बघितलंच नव्हतं. कोपऱ्यावर एक माणूस येऊन थांबतो. दर शनिवारी थांबतो. दर शनिवारी मागे बघतो.

आणि एकदम माझं टाळकं फिरलं.

मागे वळून बघायचं नसतं, हे या गाढवाला इतक्या वर्षांत कळू नये? ती बिचारी थंडीत अनवाणी येते, मान वळवत नाही, कुणाशी बोलत नाही, तिळाची भाकर थापते. आणि हा पाठीमागून सगळ्यावर पाणी ओततो. दिवाळीपासून माझा खोकला हटत नाही, हटेल कसा?

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण करायचं तर नीट करावं.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी टोपी दोरीवर होती. तीच घातली आणि भिंतीला वळसा घालून गेलो. दादा स्टुलावर उभा राहून दाराला तोरण बांधत होता. मला बघून खिळा तोंडातच राहिला.

"आरं, मागं बघायचं नसतंय," मी म्हटलं, "एवढंबी कळंना व्हय तुला?"

आतून इंद्रायणी आली, हात पिठाचे. "मी दर टायमाला सांगते त्यान्ला, भावजी. ऐकतच न्हाईत."

दादाने खिळा काढला. "नाना, घरात दिवा दिसत न्हाई तवा... बगावं वाटतं."

"हरिपाठाला असतो मी. दिवा कशाला जाळू?" मी म्हटलं. "आणि ते तोरण वाकडं आहे. उतर खाली."

तो उतरला, मी चढलो. विहिरीचं मी विसरलेलो नाही, हेही वरूनच सांगितलं. तो म्हणाला, "न्हाई इसरायचं." बोलणं तेवढंच. स्वरूपा दारात येऊन उभी होती, तिला रडायला काय झालं होतं कोण जाणे. तोरण वाकडंच होतं, आता सरळ आहे.

पाहुणे चांगले आहेत. सुपारी मी फोडली. अर्ज चुलीत घातला. एक्स-रेला उद्या दादाच्या गाडीवरून जायचं आहे, ते इंद्रायणीने ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. या घरात विचारायची पद्धतच नाही.

नवनाथच्या भिंतीवरचा कॅमेरा तसाच ठेवणार आहे. येत्या शनिवारी दादा मागे वळून बघतो की नाही, त्यावर नजर ठेवायला हवी.